संत्रानगरीचा पत्रा

"बोरकरबाई, या शहरात मला संत्र्याचं एक झाड दाखवा. एकच."

सकाळचे सव्वादहा झाले होते. मी अजून पर्सही टेबलावर ठेवली नव्हती. साहेब स्वतः चालत माझ्या टेबलापाशी आले होते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. एरवी ते घंटी वाजवत.

"सर, सिव्हिल लाइन्सच्या एका बंगल्यात आहेत दोन झाडं," मी म्हणाले. "पण फळं फार आंबट येतात."

साहेब हसले नाहीत. आदल्या दिवशी मुंबईहून आलेल्या एका बड्या अधिकाऱ्याला ते विमानतळावरून घेऊन येत होते. पाहुण्यांनी जीपमधून बाहेर बघत विचारलं, "याला संत्रानगरी म्हणतात ना? मग संत्री कुठायत?" साहेबांनी बाहेर पाहिलं. बाहेर कडुनिंब होते, एक टायरचं दुकान होतं आणि रस्त्यात बसलेली म्हैस होती. साहेबांना उत्तर सुचलं नाही. आमचं खातं प्रसिद्धीचं. सरकारला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार ठेवायला आम्ही नेमलेले. त्यामुळे ते साहेबांना फारच लागलं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी त्या खात्याच्या नागपूर कचेरीत कनिष्ठ संपादक होते. पद भारदस्त, काम साधं. पुस्तिका लिहायच्या, प्रुफं तपासायची, साहेबांपुढे मजकूर 'पुट अप' करायचा. पुट अप म्हणजे फाइलला लावून वर पाठवायचा आणि ती फाइल खाली परत येईपर्यंत वाट बघायची. शिवाय मी टेम्पररी होते. दर सहा महिन्यांनी मुदतवाढीची ऑर्डर निघे आणि ती साहेबांच्या शिफारशीवर निघे. ही गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं ते याशिवाय कळणार नाही.

दर हिवाळ्यात अधिवेशनासाठी मुंबईचं सरकार काही आठवडे नागपुरात येतं. त्या पाहुण्यांसाठी आम्ही शहराची माहिती देणारी पुस्तिका काढत होतो. साहेबांनी हुकूम सोडला, की तीत एक पान 'संत्रानगरी हे नाव कसे पडले' यावर हवं. दोन दिवसांत.

मी लिहिलं. जे खरं होतं ते लिहिलं. संत्री पिकतात काटोल, नरखेड, वरूड या बाजूला. नागपुरात ती फक्त विकायला येतात. मोठी बाजारपेठ इथे, मोठं स्टेशन इथे, म्हणून नाव इथलं झालं. बारा ओळी झाल्या.

साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला. "म्हणजे आपण पाहुण्यांना छापून सांगायचं, की आमच्या गावात संत्री होत नाहीत?"

"सर, होत नाहीतच."

"मला ठाऊक आहे. पण अभिमान वाटेल असं काही हवं. माझ्या वाचनात आहे, की कुणा राजाने लांबून रोप आणलं होतं आणि राजवाड्याच्या बागेत लावलं होतं. कौतुकाने त्यानेच नगरीला हे नाव दिलं."

"कुठे वाचलंत सर? संदर्भ द्यावा लागेल."

"आपण छापलं की तोच संदर्भ होतो," साहेब म्हणाले. यात विनोद नव्हता. ते खात्याचं धोरण होतं. तरी माणूस वाईट नव्हता. पुढे म्हणाले, "आठ दिवस देतो. याहून चांगलं काही मिळालं तर आणा. नाहीतर राजा."

आठ दिवसांत मी अर्धं नागपूर पालथं घातलं. ग्रंथालयातली जुनी गॅझेटिअरं चाळली. त्यांत संत्री होती, हवामान होतं, पर्जन्यमान होतं. टोपणनाव कुठेच नव्हतं. इतिहासाच्या एका प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी चहा देऊन तीन वेगवेगळी उत्तरं सांगितली आणि तिन्हींवर आपला विश्वास नसल्याचंही सांगितलं. संत्रा मार्केटमध्ये चार अडत्यांना भेटले. अडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल आपल्या दुकानावरून विकून देणारा दलाल. चौघांनीही हे नाव आपापल्या आजोबांनी ठेवल्याचं सांगितलं. चौथ्याचे आजोबा अजून जिवंत होते. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "मी नाही बाप्पा. आमचा पोट्टा उगाच सांगून राहिला असंन."

पाचव्या दिवशी धागा मिळाला तो एका निवृत्त पार्सल क्लार्ककडून. आमच्याच गल्लीत राहायचे. सगळे त्यांना शेंडेबाबू म्हणत. आयुष्यभर त्यांनी स्टेशनवर पार्सलं बुक केली होती.

"नाव कोणी ठेवलं नाही वं बाई," ते म्हणाले. "नाव पेट्यांवर आलं. पेटीवर मार्का राहे ना, काळ्या रंगाचा. त्याच्यावर लिहून ये, ऑरेंज सिटी, नागपूर. आधी एकाच दुकानाच्या मालावर ये. मंग कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांच्या तारा याले लागल्या, की ऑरेंज सिटीवाला माल पाठवा. ते पाहून बाकीच्यांनीबी तोच मार्का उचलला. मंग कोणी लेटरहेडवर छापलं, कोणी हॉटेलले नाव दिलं."

"पण पहिला मार्का कोणी केला?"

"साचे तं लहानू कापे. लहानू मेश्राम. हुडकेश्वरले पोराकडे राहते आता."

हुडकेश्वर आज शहरातच धरतात. तेव्हा ते गाव होतं. सिटी बस मध्येच सोडून द्यायची आणि पुढे शेतांच्या कडेने चालत जावं लागे. मी सुट्टीच्या दिवशी गेले. कारण ऑफिसच्या वेळात गेले असते तर टूर प्रोग्राम मंजूर करून घ्यावा लागला असता आणि त्यात प्रयोजन लिहावं लागलं असतं.

लहानूजी अंगणात खाटेवर बसून विळ्याला मूठ बसवत होते. सत्तरीचे असतील. बारीक अंगाचे, हाताची बोटं मात्र जाड आणि आखूड. मी सरकारी कचेरीतून आल्याचं सांगितलं. त्यांच्या बायकोने आधी पदर सावरला आणि मग विचारलं, "घराचं काही काढलं काय जी सरकारनं?"

"नाही, नाही. मला त्या संत्र्याच्या मार्क्याबद्दल विचारायचं होतं."

"मार्का?" तिने नवऱ्याकडे पाहिलं. "इतकी वर्सं कोणी पुसलं नाही. आता सरकार पुसून राहिलं!"

"काहून वं, पाणी दे ना बाईले," लहानूजी म्हणाले. त्यांनी विळा बाजूला ठेवला आणि सगळं सांगितलं. मी त्यांच्याच शब्दांत देते. त्या दिवशी उतरवून घेतलं होतं.

"तव्हा रंगानं हातानंच लिहित पेटीवर. एकेक पेटी लिहाले लय वेळ लागे. मंग आमच्या अडत्याच्या मुनीमजीनं मले म्हटलं, लहानू, तू पत्र्याचं काम करतं, एक साचा कापून दे. पत्र्यात अक्षरं कापाची, पत्रा पेटीवर ठेवाचा, कुंचला फिरवाचा. झालं. मले इंग्रजी येये नाही. आजबी येत नाही. मुनीमजीनं कागदावर लिहून देलं. वरच्या ओळीत ऑरेंज. खालच्या ओळीत नागपूर सिटी. मी रॉकेलचा डबा फोडला, पत्रा सपाट केला, कोळशानं अक्षरं आखली. वरची ओळ बसली. खाली नागपूर बसलं. पुढं पाहतो तं पत्र्याच्या कोपऱ्याले गंज. छिन्नी लावली तं भसकन भोक पडलं. सिटी कुठी कापू?"

"मग?"

"वर जागा होती ना. ऑरेंजच्या बाजूले. थ्या जाग्यावर टाकलं."

मी वहीत दोन्ही ओळी इंग्रजीत लिहून पाहिल्या. ऑरेंज आणि नागपूर हे दोन्ही शब्द इंग्रजीत सहा-सहा अक्षरांचे. खालचं सिटी उचलून वर ठेवलं तर ते तिथे तंतोतंत बसतं. 'ऑरेंज, नागपूर सिटी' असं जे लिहायचं होतं, त्याचं 'ऑरेंज सिटी, नागपूर' झालं. आमच्या शहराला नाव मिळालं होतं ते एका गंजलेल्या कोपऱ्यामुळे.

"मुनीमजी काय म्हणाले?"

"शिव्या देल्या. म्हणे, गधड्या, संत्र्याले शहर करून टाकलं. पण बाहेर गाडीत माल भरला होता, स्टेशनवर जायाचा होता. म्हणे, आजच्या दिवस मार यानंच, उद्या दुसरा कापजो." लहानूजींनी हात झटकले. "उद्या काही झालाच नाही."

"तो पत्रा आहे का अजून?"

त्यांची बायको उठली आणि न्हाणीच्या दारापाशी गेली. दाराच्या खालच्या अंगाला लाकूड कुजलं होतं. तिथे ठिगळ म्हणून पत्रा ठोकला होता. लहानूजींनी चार खिळे काढले. पत्र्यावर काळ्या रंगाचा थर चढला होता, पण उन्हात धरल्यावर अक्षरांतून उजेड आला. खालच्या उजव्या कोपऱ्याला बोट जाईल एवढं भोक होतं.

त्यांनी घरातलं काजळ तेलात खलवलं आणि मी नेलेल्या ड्रॉइंग पेपरवर पत्रा ठेवून कुंचला फिरवला. छाप स्वच्छ उमटला. तो पहिलाच मार्का होता का, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. पण आठ दिवसांत सगळ्या शहरात मला हातात धरता येईल असा हा एकच पुरावा मिळाला होता.

निघताना मी भारून गेले होते. त्यांनी काही मागितलं नव्हतं. मीच म्हणाले, "लहानूजी, पुस्तकात तुमचं नाव छापते."

"पाहा जी," ते म्हणाले.

सोमवारी मी दीड पान पुट अप केलं. साहेबांनी मला आत बोलावलं. फाइल उघडी होती आणि लाल पेन्सिल आडवी ठेवलेली होती.

"बाई, मजकूर रंजक आहे. आधार काय?"

"पत्रा आहे, सर."

"मग पत्र फाइलला लावा ना. कोणाचं आहे? कलेक्टरांचं?"

"पत्र नाही, सर. पत्रा. रॉकेलच्या डब्याचा."

साहेबांनी लाल पेन्सिल उचलली. "बोरकरबाई, समजा उद्या सभागृहात कुणी विचारलं, की या नावाचा उगम काय? मंत्र्यांनी उभं राहून सांगायचं, की पत्र्याला भोक पडलं होतं?"

"खरं तेच आहे, सर."

"खऱ्याबद्दल माझी तक्रारच नाही. पण ते शोभलं पाहिजे. एवढ्या मोठ्या शहराचं नाव एका..." ते थांबले. काय म्हणायचं होतं ते मला कळलं, आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं. "एका चुकीमुळे पडलं, हे बरं दिसत नाही. नोटिंग करतो."

नोटिंग म्हणजे फाइलच्या आतल्या हिरव्या कागदावरचा शेरा. त्यांनी लिहिलं, 'आधार अपुरा. पर्यायी मजकूर सादर करावा.' मग फाइल माझ्याकडे सरकवत सहज म्हणाले, "तुमच्या मुदतवाढीची फाइलही याच आठवड्यात आहे, नाही का?"

धमकी देण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांना खरंच आठवलं असेल. पण मलाही आठवलं. घरी माझे वडील अर्धांगाने पडलेले होते आणि मिळवती मी एकटी होते.

राजावरचा मजकूर मी स्वतः लिहिला. मनापासून लिहिला, हेही कबूल करते. रोपाचा लांबचा प्रवास, राजवाड्याची बाग, पहिलं फळ हातात घेऊन राजाच्या तोंडून निघालेले कौतुकाचे उद्गार. साहेबांनी एकही शब्द बदलला नाही. माझ्या नोकरीत असं एकदाच घडलं.

सही होत असताना मी म्हणाले, "सर, मुखपृष्ठाला चित्र नाही. हा जुना मार्क्याचा छाप टाकू का? नुसतं डिझाइन म्हणून."

त्यांनी छाप लांब धरून पाहिला. "छान. जुनं वाटतंय. टाका."

त्या काळी छपाई शिशाच्या सुट्या अक्षरांची, म्हणजे खिळ्यांची होती. चित्र छापायचं तर जस्ताच्या पत्र्यावर त्याचा ठसा करून घ्यावा लागे. त्याला ब्लॉक म्हणत. मी छाप ब्लॉकवाल्याकडे दिला. पुस्तिका अधिवेशनाच्या आदल्या दिवशी तयार झाली. पाहुण्यांना राजा फार आवडला. एका आमदारांनी तो परिच्छेद भाषणात वापरला. साहेबांना वरून अभिनंदनाचं पत्र आलं आणि ते त्यांनी लगेच फाइलला लावलं. माझी मुदतवाढ झाली.

लहानूजींकडे पुस्तिका घेऊन जायला मला तीन आठवडे लागले. ऑफिसात काम होतं असं मी स्वतःला सांगत होते. शेवटी एका रविवारी गेले. खाटेवर त्यांच्यासमोर पुस्तिका ठेवली आणि आधीच सांगून टाकलं, "लहानूजी, तुमचं नाव नाही आलं. मी लिहिलं होतं. वरून काढलं."

त्यांनी मान हलवली. मराठी त्यांना वाचता येत होतं. पान काढून बोट फिरवत सावकाश वाचलं.

"राजानं ठेवलं म्हणते."

"हो."

"ऑरेंज सिटी?"

"हो."

"मंग राजाले इंग्रजी येये काय?"

साहेबांना, मला, प्रुफं वाचणाऱ्या दोघांना, भाषण करणाऱ्या आमदारांना, कुणालाच हा प्रश्न पडला नव्हता. त्यांची बायको तोंडाला पदर लावून हसत होती.

मग लहानूजींनी पुस्तिका मिटली आणि मुखपृष्ठ पाहिलं. आता मात्र त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी कव्हर डोळ्यांजवळ नेलं, उजेडात धरलं, पुन्हा जवळ आणलं.

"हे कोणी केलं?"

"काय झालं?"

"जोड बुजवले."

मला समजेना. त्यांनी आत जाऊन पत्रा आणला आणि दाखवलं. गोल अक्षर पत्र्यात कापलं की मधला तुकडा सुटून पडतो. तो पडू नये म्हणून अक्षराला दोन ठिकाणी पत्र्याची बारीक पट्टी राखतात. तिला ते जोड म्हणत. त्यामुळे पेटीवर उमटलेलं अक्षर दोन जागी तुटक दिसतं. ब्लॉकवाल्याला ती छपाईची चूक वाटली होती. त्याने मेहनत घेऊन सगळी अक्षरं सलग करून टाकली होती.

"असा साचा होतच नाही बाई," लहानूजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "जोड नसला तं मधातला पत्रा गळून जाते, गोलाच्या जागी नुसता काळा डाग पडते. जाणता माणूस पाहीन तं काय म्हणीन? ज्यानं कापलं त्याले कामच येत नाही."

"मी बघायला हवं होतं."

"नाव नाही टाकलं ते बेस केलं," ते म्हणाले. "अशा कामावर माह्यं नाव नकोच."

तीन आठवडे मी ज्याची माफी कशी मागावी ते जुळवत होते, त्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले. आणि ज्याकडे माझं लक्षही गेलं नव्हतं, त्याबद्दल मला माफी मागावी लागली. परतताना बसस्टॉपपर्यंत चालताना मला स्वतःची चांगलीच लाज वाटली. प्रुफं तपासणं हे माझं काम होतं. चित्राचं प्रूफही प्रूफच असतं.

पुढच्या वर्षी पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली. तोवर साहेब बदलून पुण्याला गेले होते. नवे साहेब मजकूर न वाचता सही करायचे, कारण तो एकदा मंजूर झालेला होता. मला वाटलं, हीच संधी आहे. राजाचा परिच्छेद काढला, नियमाप्रमाणे बदलाची नोंद केली आणि फाइल वर पाठवली. ती दुसऱ्याच दिवशी परत आली. 'मंजूर मजकुरात बदल कोणत्या आधारे? पहिल्या आवृत्तीत स्पष्ट उल्लेख आहे.' म्हणजे मी लिहिलेली थाप मीच खोडू शकत नव्हते, कारण तिला माझ्याच पुस्तिकेचा आधार होता.

मुखपृष्ठाबद्दल मात्र कोणी काही विचारलं नाही. लहानूजींकडून मी नवा छाप करून आणला आणि ब्लॉकवाल्याकडे स्वतः जाऊन बसले.

"बाई, अक्षरं तुटली दिसतीन लोकाइले," तो म्हणाला.

"दिसू द्या."

"मले नाव ठेवतीन."

"माझं नाव सांगा त्यांना."

ब्लॉक झाला. पहिलं प्रूफ घेऊन मी हुडकेश्वरला गेले. लहानूजींनी एकेका अक्षराचे जोड मोजले. मग म्हणाले, "आता टाका नाव."

शेवटच्या पानावर, मुद्रकाच्या नावाखाली, बारीक टायपात एक ओळ घातली. 'मुखपृष्ठ : लहानू मेश्राम, हुडकेश्वर.' साहेबांची सही झाली. या ओळीला आधार कुणी मागितला नाही.

मी पुढे कायम झाले, बढत्या मिळाल्या, निवृत्तही झाले. त्या पुस्तिकेतला राजा दुसऱ्या पुस्तिकांत गेला, शाळकरी मुलांच्या निबंधांत गेला. एकदा तर आमच्याच खात्यात नव्याने लागलेल्या एका मुलीने तो मला पाठ म्हणून दाखवला. मी तिला खरी हकीकत सांगितली. ती म्हणाली, "मॅडम, ऐकीव गोष्टी चालत नाहीत, छापील पाहिजे."

तिला मी एवढंच सांगितलं, की सरकारी पुस्तकात खरं घालायचं असेल तर ते मजकुरात घालू नये. मजकूर वरचे लोक तपासतात. मुखपृष्ठावर घालावं.